आपोआप लागणारं घड्याळ

उझैरने जर्मनीत कुणाला न विचारता लग्न केलं, तेव्हा तय्यबने फोनवर पोराला नको नको ते सुनावलं आणि रिसीव्हर आपटला. त्याला दीड वर्ष झालं होतं. दुबईतल्या अल मनखूलच्या त्या फ्लॅटमध्ये उझैरचं नाव आता फक्त त्याची आई बदरुन्निसा घेई, तेही नवरा ऑफिसला गेल्यावर.

अशात ओळखीचे अहमदभाई जर्मनीहून आले आणि एक खोकं ठेवून गेले. आत गजराचं घड्याळ, सोबत चिठ्ठी: ‘अब्बा, हे रेडिओवर चालतं. आपोआप लागतं.’

तय्यबने सेल घातले. पडद्यावर चार शून्यं उमटली, बाजूला मनोऱ्याचं चिन्ह लुकलुकत राहिलं आणि थोड्या वेळाने विझलं. बाहेर संध्याकाळ होती, घड्याळात रात्रीचे बारा वाजून आठ मिनिटं.

“त्यालाच विचारा ना,” डाळ निवडता निवडता बदरुन्निसा म्हणाली.

शुक्रवारी मगरिबच्या नमाजानंतर त्याने नंबर फिरवला. पलीकडून ‘हॅलो’ आलं.

“ते घड्याळ लागत नाही,” तय्यब म्हणाला.

“टीव्हीजवळ ठेवलंय का, अब्बा? खिडकीत ठेवा. सिग्नल पकडायला वेळ लागतो.”

मग दर शुक्रवारी फोन होऊ लागला. खिडकी बदलून झाली, घड्याळ फिरवून झालं, सेल काढून पुन्हा घालून झाले. त्यातच तिकडच्या थंडीची चौकशी झाली, बदरुन्निसाच्या गुडघ्यांची झाली. एकदा पलीकडे एक बाई हसल्याचं ऐकू आलं. तय्यबने फोन ठेवला नाही.

खरं तर दुसऱ्याच आठवड्यात बर दुबईच्या वासुदेव घड्याळजीने त्याला सांगितलं होतं, “चाचा, याला वेळ पाठवणारं स्टेशन जर्मनीत आहे. इतक्या लांब पोचत नाही. हे मागचं बटण दाबून धरायचं आणि हाताने लावायचं.” त्याने लावूनही दिलं होतं. घरी येऊन तय्यबने सेल काढले, पुन्हा घातले. आकडे शून्यावर गेले. बदरुन्निसाने ते पाहिलं.

सहाव्या शुक्रवारी उझैर म्हणाला, “सॉरी अब्बा, मी कंपनीला विचारलं. दुबईला सिग्नल येतच नाही. मागचं बटण दाबून हातानेच लावा. खलास, प्रॉब्लेम संपला.”

‘त्या दिवशी माझं चुकलं’ हे वाक्य तय्यबच्या ओठांवर आलं होतं. “बरं,” एवढंच तो म्हणाला.

पुढच्या शुक्रवारी बोलायला काय काढावं ते त्याला सुचेना. शेवटचा आकडा राहिला असताना त्याने रिसीव्हर ठेवला. उझैरचाही फोन आला नाही. असे तीन महिने गेले. तय्यबची नोकरी संपली, व्हिसा रद्द झाला, रत्नागिरीला न्यायच्या पेट्या बांधून झाल्या.

फोन कापायच्या दिवशी सकाळी त्याने पूर्ण नंबर फिरवला. एका बाईने उचलला आणि जर्मनमध्ये काहीतरी विचारलं. ही आपली सून, हे त्याला कळलं. तिला नावाने हाक मारावी म्हणून त्याने तोंड उघडलं. तिचं नाव त्याने कधी विचारलंच नव्हतं.

“सॉरी, राँग नंबर,” तो म्हणाला.

“लागला?” आतून बदरुन्निसाने विचारलं.

“नाही.”

दुपारी माणूस आला आणि लाइन कापून गेला.