मोज्याखालची टाच

द्वारकाबाईला या वृद्धसेवा केंद्रात ठेवायचं दिग्विजयनं ठरवलं, ते तिथल्या कीर्तनामुळं. इंदापूर-बारामती रस्त्यावर केंद्रं आणखीही होती. पण इथं दर एकादशीला कीर्तन व्हायचं. "आईचा जीव रमंल काकू, आणि जितं हरिनाम चालतं तितं माणसांची हयगय कशी होईल?" असं तो चुलतीला, अनसूयाबाईला म्हणाला होता. रात्री किती माणसं कामाला असतात, अंथरुणावरच्या माणसाची कूस कोण बदलतं, हे त्यानं विचारलं नव्हतं. विचारायचं असतं हेच घरात कुणाला ठाऊक नव्हतं.

त्या एकादशीला कळस गावचं भजनी मंडळ केंद्रात आलं, तेव्हा त्यांच्याबरोबर अनसूयाबाई पहिल्यांदाच तिथं आली. थोरली जाऊ पुढच्या रांगेत चाकाच्या खुर्चीत होती. अंगावर नवी शाल, पायात तपकिरी लोकरीचे मोजे. ऐन चैत्रातल्या उन्हात सगळ्याच म्हाताऱ्यांच्या पायात तसलेच मोजे होते. कीर्तनकार चिंतामणबुवांचं निरूपण रंगलं, मृदंग चढला, अनसूयाबाईच्या डोळ्यांना धार लागली. द्वारकाबाई मात्र टाळी वाजवत नव्हती. तिनं खुर्चीचे दांडे घट्ट धरले होते.

आरतीआधी वडीलधाऱ्यांच्या पाया पडायचं, ही मंडळाची रीत. अनसूयाबाई जावेपुढं वाकली.

"आक्का, मोज्यावरनं कसलं पाया पडायचं? काढते जरा."

"नगं गं," द्वारकाबाई पुटपुटली.

मोजा निघेना. तो टाचेला चिकटला होता. हळूच ओढला, तशी द्वारकाबाईनं दातांखाली पदर धरला. उदबत्तीच्या वासातनं दुसराच वास वर आला. टाच काळी पडली होती, कडेनं पू होता आणि मधोमध बोटाचं पेर मावंल एवढा खड्डा.

"अरं देवा! दिग्विजय, हिकडं ये!"

लोणी देवकरच्या कारखान्यातनं अर्धी सुट्टी टाकून आलेला दिग्विजय बुवांसाठी हार धरून उभा होता. त्याच्याआधी व्यवस्थापक केयूर धावत आला.

"मावशी, मोजा घाला बरं. झोपून झोपून होतं असं या वयात. आम्ही ड्रेसिंग करतो."

"कुठं हाय ड्रेसिंग? दाव मला! हितं नुसता मोजा हाय!"

"आज कार्यक्रम आहे. फोटो काढायचेत. उद्या डॉक्टरांना बोलावू."

"फोटोसाठी झाकलंस व्हय रं? जित्या माणसाची टाच सडतीय, आणि तू वरनं लोकर चढवतोस?"

"काकू, हळू," दिग्विजय कुजबुजला. "लोक बघत्यात."

"बघू देत! बघायलाच कुणी न्हवतं आजवर!"

दारात उभी असलेली सारजा, तिथली सेविका, हात चोळत बोलली, "आमी दोघीच हाय बाई एवढ्या खाटांना. सकाळी एका अंगावर निजवलेलं माणूस दुपारी तसंच असतंय."

केयूरनं तिच्याकडं डोळे वटारून पाहिलं.

"आताच्या आता दवाखान्यात न्यायचं आक्काला," अनसूयाबाई म्हणाली.

"मुलाची परवानगी लागते," केयूर म्हणाला. सगळे दिग्विजयकडं बघू लागले.

त्याला हाराचं काय करावं कळेना. "पण काकू, दवाखान्यानंतर घरी कोण बघणार? माझी बायको स्वरूपा नोकरीला, माझी कारखान्यातली पाळी..."

"मी तुला सांगितलं हुतं की रं फोनवर," द्वारकाबाई पहिल्यांदाच नीट बोलली. "पाय लई ठणकतोय म्हनलं. तू म्हनलास, कीर्तनाला बसत जा आई, दुखनं इसरशील."

दिग्विजयनं हार तिथंच गादीवर टाकला. खाली बसून त्यानं आईची टाच पाहिली, आणि तोंड झाकून घेतलं.

केयूरनं माईक ओढला. "मंडळी, आरतीला उभे राहू या."

"कुणी उठायचं न्हाय!" चिंतामणबुवा कडाडले. एवढा वेळ गोड गळ्यानं गाणारा माणूस टाळ खाली टाकून पुढं आला. "ज्या पायांवर डोकं ठेवायचं, तेच सडत ठेवलेत, आणि म्हणं आरती! आधी मोजे काढा. सगळ्यांचे."

मंडळातल्या बायका उठल्या. शेजारच्या खुर्चीतल्या हिंदुरावांचा मोजा बुवांनी स्वतः काढला. घोट्यावर तसलाच काळा डाग होता. बुवांनी मोजा केयूरच्या अंगावर भिरकावला.

"ह्याचे घे फोटो!"

केयूर मागं सरकला. "पेशंट न्यायचाच असेल, तर संध्याकाळपर्यंत परत आणा. नाहीतर खाट दुसऱ्याला द्यावी लागेल."

"खाट तुझ्या उरावर घाल," अनसूयाबाई म्हणाली.

दिग्विजयनं आईला दोन्ही हातांवर उचललं. मंडळाच्या जीपमध्ये मागच्या सीटवर तिला आडवं केलं, आणि अनसूयाबाईनं तिचा पाय आपल्या मांडीवर घेतला.

"आगं, माजा पाय लागतोय तुला," द्वारकाबाई ओशाळली.

"लागू दे."

पुढच्या सीटवर दिग्विजयचे खांदे हलत होते. किल्ली लागत नव्हती.

"रडतोस काय?" अनसूयाबाई ओरडली. "गाडी काढ. बारामतीला, थेट दवाखान्यात. डॉक्टर इचारंल हे कधीपासनं हाय. तवा मला सांगायला लावू नकोस. तू सांगायचंस."