वैभवचा मातीचा चेहरा

संजीव धकातेने घडवलेला ब्राँझचा पुतळा नाही असं गाव विदर्भात हुडकायला निघालात, तर पायांचे तुकडे पडतील. पंधरा फुटांखाली त्याचा हातच चालत नसे. हाडाचा कलावंत, पण मातीच्या बाबतीत गडी अगदी कोरडा. मातीचा पुतळा ज्याचा त्याच्या घरच्यांना पसंत पडला की त्यावर प्लास्टरचा साचा चढवायचा, मग साचा उघडून आतली माती खुरप्याने ओरबाडून काढायची आणि तीच पुढच्या कामाला लावायची. भल्याभल्या पुढाऱ्यांची नाकं त्याच्या कारखान्यात अशी घमेल्यात पडली होती आणि कारागिरांनी त्यावर थट्टा करत चहा घेतला होता.

वैभवचा पुतळाही त्याला तसाच एक. अग्निशमन दलातला हा पोरगा आगीतून माणसं बाहेर काढताना भाजला आणि धंतोलीतल्या एका दवाखान्यात वारला. तोंडावरची पट्टी शेवटपर्यंत कुणी सोडली नाही. त्याची आई भागीरथाबाई महाल भागातल्या घरून पुतळा पसंत करायला आली, तेव्हा ती शिडीवर चढली, त्या थोराड गालावरून हात फिरवला, डाव्या भिवईवरचा लहानपणीचा वण स्वतःच्या बोटाने दाबून दिला. मग खाली बसून नुसती बघत राहिली.

"लेकराचं तोंड पाहाले भेटलं गा," एवढंच म्हणाली.

संजीवलाही बरं वाटलं. पुढे या मातीचं काय होतं, हे तिला सांगावं असं मात्र त्या शहाण्याच्या डोक्यातही आलं नाही.

चार दिवसांनी कारागिरांसाठी डबा भरून ती पुन्हा आली. साचा उघडून पडला होता आणि ओमप्रकाश, संजीवचा जुना कारागीर, त्यात वाकून माती उपसत होता. घमेल्यात अर्धा गाल होता, आणि ती भिवई.

भागीरथाबाई दारातच थिजली. ओमप्रकाशने खुरपं खाली ठेवलं. खून करताना कुणी पकडावं तसं संजीवला झालं, आणि खरं सांगायचं तर त्यात त्याचं काही चुकलं नव्हतं.

"काय करून राहिले गा हे?"

"मावशी, असंच करा लागते," तो घाईघाईने म्हणाला. "माती टिकत नाही. चेहरा साच्यात हाय, पाहा ना. कुठं नाही गेला."

तिने वाकून पाहिलं. आत नुसता पांढरा खड्डा होता.

"मले काहून नाही सांगतलं?"

संजीवने घमेलं पायाने मागे सरकवलं. तिने डबा खाली ठेवला आणि साच्याच्या आतून एक बोट फिरवलं.

"आता पुढं काय करता?"

हे सगळेच विचारत, आणि उत्तर त्याला तोंडपाठ होतं. "आता याचा मेणाचा करतो. मंग तो भट्टीत घालून..."

तिथे त्याने वाक्य तोडलं. पण 'भट्टी' हा शब्द तर सुटून गेला होता.

भागीरथाबाईने मान वर करून त्याच्याकडे पाहिलं.

"पुन्हा आगीतच?" तिने विचारलं.