हमरापुरात जागा झालेला बोर्ड

रोह्याजवळ धाटावला एका छोट्या वर्कशॉपमध्ये नूतन इलेक्ट्रॉनिक बोर्ड आखायची. यंदाचं काम तिच्या जिवाभावाचं होतं. धरमतर खाडीच्या बांधावर कॅमेरे लावायचे, आणि उधाणाच्या पाण्यानं बांधाला खांड पडून तो फुटायला लागला की गावकऱ्यांच्या फोनवर लगेच इशारा द्यायचा. चित्र पाहून हे ओळखणारा मॉड्यूल म्हणजे तळहाताएवढा संगणकच. तो बाहेरून यायचा, तोही कोरा. पहिला प्रोग्राम इथंच भरावा लागे.

एका सोमवारी नूतन बांधावर कॅमेऱ्यांच्या खांबांची जागा बघायला गेली, तेव्हा प्रोग्राम भरायचं काम नुकत्याच लागलेल्या हर्षदकडे आलं. मॉड्यूल बनवणाऱ्यांनी त्यांच्या नमुना बोर्डासाठी दिलेली सेटिंग त्यानं तशीच भरली. नूतनच्या बोर्डाची मांडणी निराळी. मॉड्यूल सुरू झाला आणि लगेच गप्प बसला. परत काही केल्या उठेना.

मालक सुभाषशेठ सगळ्यांसमोर कडाडले, "एवढा महागाचा माल मारलास! उद्यापासून येऊ नकोस."

नूतन परतली तेव्हा हर्षदची खुर्ची रिकामी होती.

"कोरा मॉड्यूल कसा भरायचा, हे त्याला दाखवलं होतं कुणी?" तिनं विचारलं. दाखवलं नव्हतंच.

हर्षदचा फोन बंद. बोर्ड तिला तिथंच दुरुस्त करता आला असता. पण मग आपल्या हातून तो मेला, हेच त्या पोराच्या मनात राहिलं असतं. दुसऱ्या दिवशी तिनं लॅपटॉप, कॅमेरा आणि बोर्ड पिशवीत घातला, स्कूटर काढली आणि नागोठणं, वडखळ मागं टाकत हर्षदचं गाव हमरापूर गाठलं.

हर्षदची आई गिरजाबाई पडवीत गणपतीच्या मूर्तींना रंग देत होती. "बस गो," ती म्हणाली. "कालपासून जेवला नाय. काय झालंय ता पण सांगत नाय."

हर्षद बाहेर आला. मान वर होईना. "मॅडम, मी मारला तो."

"मेला नाही रे. त्याच्या पोटात कारखान्यातच कोरलेला एक छोटा प्रोग्राम असतो, तो कुणालाच पुसता येत नाही. त्याला जागं करायचं, बस."

मूर्ती सरकवून जागा केली. बोर्डावरचा एक बारीक ठिपका वायरीनं बोर्डावरच्याच 'ग्राउंड'च्या टोकाला जोडून धरायचा आणि तसंच धरून वीज द्यायची, म्हणजे मॉड्यूल केबलमधून नवा प्रोग्राम मागतो. नूतननं वायर हर्षदच्या हातात दिली. त्यानं ती तशीच खाली ठेवली.

"आधी चहा घे," आई म्हणाली.

चहानंतर त्यानं वायर नीट टेकवून धरली. नूतननं वीज दिली. लॅपटॉपवर काहीच दिसेना. पुन्हा केलं. नाहीच.

हर्षद केबल निरखत होता. "मॅडम, ही नुसती चार्जिंगची असंल. आत माहितीच्या तारा नसतील."

खरंच होतं, निघताना नूतननं हाताला लागेल ती केबल घाईत उचलली होती. त्यानं घरातली दुसरी आणली. या वेळी लॅपटॉपनं मॉड्यूल ओळखला. नूतनच्या बोर्डाची सेटिंग हर्षदनंच निवडली, दोनदा वाचली आणि मग बटण दाबलं. भरणं संपेपर्यंत गिरजाबाईनं दोघांना घावणे वाढले. हर्षद खात होता, पण डोळे पडद्यावर.

मॉड्यूल सुरू झाला. कॅमेरा जोडला, तसं पडवीतल्या रंगवलेल्या मूर्तींचं चित्र पडद्यावर आलं. हर्षदनं तोंड फिरवून डोळे पुसले.

"उद्या कामावर ये," नूतन म्हणाली.

"शेठ सगळ्यांसमोर बोलले, मॅडम. कसा येऊ?"

नूतननं तिथूनच सुभाषशेठना फोन लावला. बोर्ड चालू झाल्याचं सांगितलं, आणि हर्षदला चारचौघांत बोलावून घ्यायला हवं, हेही. मग शेठ म्हणाले, "त्याला दे फोन."

हर्षद फोन कानाला लावून पडवीच्या टोकाला गेला. ते काय बोलले ते कुणाला ऐकू आलं नाही. तो परत आला आणि म्हणाला, "आये, उद्या डबा दे. शेठनी कामावर बोलावलंय."