कोंडाळ्यातला आवाज

रोवेना पाईक आयोवातल्या त्या छोट्या कॉलेजात आली ती एल्डन ब्रुबेकरच्या नावावर काट मारायच्या तयारीनेच. व्यावसायिक अमेरिकन फुटबॉल संघासाठी कॉलेजचे खेळाडू पारखणं हे तिचं काम. एल्डनबद्दल बाकीच्या पारख्यांचं एकमत होतं: हात सोन्यासारखा, पण पोरगा मठ्ठ. काहीही विचारा, 'हो मॅडम', 'नाही सर' यापुढे गाडी जात नाही. आणि चेंडू फेकणाऱ्या क्वार्टरबॅकचं नुसत्या हातावर भागत नाही. मैदानावर बाकीच्या दहा जणांना चालवायचं ते त्यानेच.

सकाळी तिने सराव पाहिला. कापणी झालेल्या मक्याच्या शेतांवरून नोव्हेंबरचा वारा थेट मैदानात घुसत होता. इतरांचे चेंडू भरकटत होते, एल्डनचा मात्र धावत्या गड्याच्या छातीवर नेमका जाऊन बसत होता. एकदा समोरच्या बचावातला एक जण हळूच मागे सरकला, तर एल्डनने हाताच्या एका खुणेने आपल्या दोन गड्यांच्या जागा बदलल्या. हे मठ्ठ माणसाचं काम नव्हे. रोवेना बुचकळ्यात पडली.

दुपारी तिने त्याला व्हिडिओच्या खोलीत बसवलं आणि एक डाव पडद्यावर थांबवला.

"तू चेंडू इकडेच का फेकलास?"

"मोकळा होता, मॅडम."

"तो मोकळा होणार हे आधी कसं कळलं?"

एल्डन उठला आणि फळ्यावर भराभर बाण काढू लागला. सगळे बरोबर. तिच्या नजरेतून सुटलेली एक गोष्टही त्यात होती.

"झकास! आता हाच डाव आमच्या पद्धतीने पुकारून दाखव," असं म्हणत तिने डावाचं नाव फळ्यावर लिहिलं. व्यावसायिक खेळात ही नावं पोस्टाच्या पत्त्याएवढी लांब. कोणी कुठे उभं राहायचं, कुठे पळायचं, कितव्या हाकेला चेंडू सुटायचा, सगळं त्यात. दर डावाआधी गडी कोंडाळं करतात आणि क्वार्टरबॅक ते मोठ्याने सांगतो. या कॉलेजात कोंडाळंच नव्हतं. मैदानाच्या कडेवरून चित्रांचे फलक दाखवायचे, की सगळे आपापल्या जागी.

"ट्रि... ट्रि... ट्..."

एल्डनची मान ताठरली, डोळे मिटले, ओठ थरथरू लागले. शब्द फुटेना. रोवेनाने तो शब्द त्याला पुरवला नाही, की नजरही वळवली नाही. शेवटी तो खुर्चीत परत जाऊन बसला.

"लहानपणापासून?" तिने विचारलं.

त्याने होकारार्थी मान हलवली.

"मग सांगायचं नाही का रे कोणाला?"

"सां-सांगितलं असतं तर तुम्ही आलाच न-नसता."

रोवेना तडक प्रशिक्षक गस मार्चंडच्या खोलीत शिरली.

"गस, ते फलक त्याच्यासाठी आणलेस ना?"

"मग काय करणार होतो? पोरगं निभावून नेत होतं. त्याला सगळ्यांपुढे उघडं पाडू?"

"तू झाकलंस, म्हणून जगाने त्याला मठ्ठ ठरवलं! अडखळणारा क्वार्टरबॅक एक वेळ चालेल, मठ्ठ कोणाला हवाय? उद्या सराव संपला की त्याला कोंडाळं घेऊ दे. आमची नावं, आमचं घड्याळ: ठरल्या वेळात नाव सांगून चेंडू सुटलाच पाहिजे."

"आणि नाही जमलं तर?"

"तर तसंच सांगेन. खोटं बोलणार नाही."

बोलून तर गेली, पण संध्याकाळी राजमा-खिम्याच्या चिलीची वाटी आणि दालचिनीचा रोल समोर आला तेव्हा तिने तो तसाच बाजूला सारला. उद्या पोराची शोभा झाली, तर ती आपल्यापायी.

दुसऱ्या दिवशी गडी एल्डनभोवती गोळा झाले. रोवेना जवळच उभी राहिली. घड्याळ सुरू झालं आणि पहिल्याच शब्दाला एल्डन अडकला. मागे कोणीतरी उगाच खोकलं. तेव्हा फेटू नावाचा सामोआ बेटांवरचा गडी, एल्डनच्या राखणीला पुढच्या फळीत उभा राहणारा आणि मैदानावर सगळ्यांत आडदांड, शांतपणे म्हणाला, "घाई कोणाला आहे इथे? माझ्या जेवणाला अवकाश आहे. बोल भावा."

सगळे हसले. एल्डनही हसला. त्याने श्वास घेतला, पहिल्यापासून सुरुवात केली आणि नाव शेवटपर्यंत नेलं. घड्याळात वेळ उरला होता.

दुसरा डाव सुरळीत गेला. तिसऱ्यात तो मध्येच अडकला आणि रोवेनाने घड्याळाकडे पाहिलं. एल्डनने तळवा वर केला, जरा थांबा म्हणून, आणि उरलेलं नाव पुरं केलं. वेळ संपता संपता चेंडू सुटला आणि लांबवर नेमक्या हातात पडला. पुढच्या डावाला फेटू चुकीच्या बाजूला उभा राहिला, तेव्हा एल्डन सगळ्या मैदानाला ऐकू जाईल असा ओरडला, "ड-डावीकडे रे, रेड्या!"

रोवेनाचा जीव भांड्यात पडला. गसने पाठ फिरवून उगाचच टोपी नीट केली.

तिने तिथूनच संघातल्या आपल्या साहेबाला, वॉल्टला, फोन लावला.

"अगं, तोतरा क्वार्टरबॅक?" वॉल्ट म्हणाला. "ऐन सामन्यात वाचा बसली तर?"

"बसेल कधीकधी. पण तो घाबरून नाव अर्धवट सोडत नाही. दोन-चार सेकंद जास्त घेतो, आणि ते आपल्याकडे आहेत. हात मी पाहिलाय, डोकं त्याहून चांगलं आहे. घ्या त्याला."

वॉल्ट म्हणाला, "एप्रिलच्या खेळाडू-निवडीत चौथ्या फेरीपर्यंत दुसऱ्या संघाने उचलला नाही तर बघू."

फोन ठेवून ती वळली, तर एल्डन मागेच उभा.

"मॅडम, तुम्ही क-काय सांगणार माझ्याबद्दल?"

"अडखळतोस, हे सांगितलं. खेळतोस कसा, तेही सांगितलं."

"म्हणजे आता ल-लपवायला नको?"

"नको."

तो बाकावर बसला आणि बोलू लागला. घरच्या गाई, शाळेत वर्गात नाव सांगायची पाळी आली की पोटदुखीचं सोंग, कालचा तो डाव, सगळं अडखळत, हसत. वाऱ्याने रोवेनाची बोटं बधिर झाली होती, पण तिने त्याला थांबवलं नाही.

एप्रिलमध्ये तिच्या संघाने चौथ्या फेरीत त्याचं नाव घेतलं. पहिलं वर्षभर तो राखीव खेळाडूंतच होता. पण सरावाला रोज कोंडाळं घ्यायचा, आणि गडी थांबायचे.