हनादीचं पुढचं वर्ष

आमच्या गल्लीत कुणाचं काही चांगलं झालं की झगरूता मी घालते. जीभ हलवून अशी आरोळी ठोकते की गिरणीचा भोंगा लाजावा. लग्न असो, बारसं असो, बारावीचा निकाल असो, मला, उम्म वजीहला, बोलावणं ठरलेलं.

शेजारचे रिफअतबाबू कोर्टात कारकून. हनादी त्यांची एकुलती एक. तिला डॉक्टर करायचं हे त्यांनी ती पाळण्यात असतानाच ठरवलेलं. पोरीने मात्र बारावीची वाट सोडून सरकारची नवी कापडशाळा निवडली. अर्धा आठवडा वर्ग, अर्धा गिरणीत. पास झालं की डिप्लोमा आणि नोकरी मिळणार, शिवाय इंजिनिअरिंग कॉलेजचं दारही उघडं. बापाला हे पटेना. मार्क कमी पडलेली पोरं जातात तिथे, हेच त्यांच्या डोक्यात. तीन वर्षं तिच्याशी कामापुरतं बोलले.

यंदा हनादी शाळेत पहिली आली. कॉलेजात जागाही मिळाली. मी धावतच गेले, तर रिफअतबाबूंनी दारातच अडवलं.

"हळू, उम्म वजीह. लोक विचारतील, कसला निकाल."

"मग सांगा की! पोरगी पहिली आलीय."

"डिप्लोमात," ते पुटपुटले. मागे हनादी सरबताचा जग घेऊन उभी होती. मला असा संताप आला, पण घर त्यांचं.

संध्याकाळी वरच्या मजल्यावरच्या ताहिरकडे गर्दी. तो दिवटा पोरगा बारावी कसाबसा पास झालेला. रिफअतबाबूंनी त्याचे गाल चुंबले, स्वतःचे डोळे पुसले. ताहिरच्या आजीने विचारलं, "आणि आपल्या हनादीची बारावी कधी?"

"तिची? पुढच्या वर्षी," रिफअतबाबू म्हणाले.

हनादी शेजारीच उभी होती. आता ही बोलणार, मला वाटलं. तिने बापाकडे पाहिलं. ते जमिनीकडे बघत होते.

"हो आजी," ती म्हणाली. "पुढच्या वर्षी."

पोरीने वेळ मारून नेली, असं मी समजले. पण सुट्टी संपली आणि हनादी बारावीच्या शिकवणीला जाऊ लागली, तिच्याहून लहान पोरींच्या बाकावर. कॉलेजची जागा दुसऱ्या कुणाला गेली. मी तिला जिन्यात गाठलं.

"वेडी का गं तू? हातचं कॉलेज सोडलंस?"

"मावशी, बाबांनी सगळ्यांदेखत सांगितलं ना," ती म्हणाली. "त्यांना खोटं कसं पाडू?"