नवमीचं पान

ओसरीवर पाय पसरून रामकिसन पोरीच्या वेण्या घालत होता. भर सकाळी, बाया विहिरीवर जायच्या वेळी. पोरीचं डोकं गुडघ्यांत धरून तो बोटांनी केसांत बारीक ओळी पाडायचा आणि डोक्याला चिकटून जातील अशा वेण्या घट्ट विणत मागे न्यायचा. बाया थबकत, तोंडावर पदर धरून हसत आणि पुढे जात.

तुळसाबाई चुलीपुढून पाहत होती. बाईमाणसाच्या केसांना हात लावणारा पुरुष तिनं अख्ख्या रिठद गावात पाहिला नव्हता. तिच्या डोक्यात अडकलेली काडीसुद्धा या नवऱ्यानं कधी काढली नव्हती. मग ही विद्या तो शिकला कुठे? कोणाच्या शेजारी बसून शिकला? तव्यावरची भाकर जळली तरी तिला कळलं नाही.

"धूर होऊन राह्यला, मोठी माय," पोर म्हणाली.

मोठी माय म्हणायला त्यानंच शिकवलं होतं. मोठी म्हटलं की कुठेतरी एक धाकटी आलीच. ही हाक कानावर पडली की तुळसाबाईच्या अंगाचा तिळपापड व्हायचा.

रामकिसन वाशीमला कापसातली सरकी काढणाऱ्या जिनात फिटर होता. दुसरं महायुद्ध संपलं त्या साली एका गुजराती शेठनं त्याला आफ्रिकेत, युगांडाला नेलं. तिथंही कापूस पिकतो आणि तिथल्या जिनांनाही फिटर लागतो. दोन वर्षांत येतो म्हणून गेलेला माणूस अकरा वर्षांनी, यंदाच्या उन्हाळ्यात परतला, तो ही आठ वर्षांची पोर घेऊन. पोरीची आई नाम्बी, तिथलीच, तापानं गेली. पोरीचं नाव त्यानं विजयमाला ठेवलं होतं, पण रंग आणि केस आईचे. गावानं पहिल्याच दिवशी तिला हबशीण ठरवून टाकलं. पोर मात्र ठसक्यात वऱ्हाडी बोलायची. म्हणजे सातासमुद्रापलीकडे, दुसरीच्या घरात बसून हा माणूस तुळसाबाईची बोली बोलत होता!

तुळसाबाईला पोरीच्या रंगाचा राग नव्हता. दुखणं वेगळंच होतं. ती स्वतः काळी. लग्नात सासूनं ‘तव्याचं बूड पदरात पडलं’ म्हणून नाक मुरडलं होतं. नवरा परतेना, तेव्हा तिनं मनाची समजूत घातली की आपण काळे म्हणून असं झालं; रंगाला काय इलाज? त्या समजुतीवर तिनं एवढी वर्षं रेटली. आणि गडी रमला कुठे, तर तिच्याहून काळ्या बाईत! मग दोष रंगाचा नव्हताच. कशाचा होता, हे आता ती कोणाला विचारणार?

बरं, भांडावं तर नवरा भांडतही नव्हता. आल्यापासून मान खाली घालून ताटात पडेल ते खायचा. भाजी अळणी झाली तरी ब्र काढायचा नाही. बायकोच्या स्वयंपाकाला नवरा दोन नावं ठेवतो, दोनदा मागून घेतो. हा आपला पाहुण्यासारखा जेवून उठायचा.

पितृपक्ष लागला आणि एका संध्याकाळी तोच म्हणाला, "अहेव नवमीले एक पान जास्त ठेवशील का?"

नवमी म्हणजे नवऱ्याआधी गेलेल्या सवाष्णींचा, अहेवांचा दिवस. तुळसाबाईला कळलं, तरी तिनं विचारलं, "कोनाच्या नावानं?"

"तिच्या. अहेवच गेली ना ते."

"अहेव?" तुळसाबाईचा आवाज चढला. "कुंकू लावून वाट मी पाहू, अन् अहेव ते गेली? मी इथं जित्ती बसली होती, तवा मले कोनं पान वाढलं?"

रामकिसननं खाली पाहिलं. "नको ठेवू मंग," एवढंच म्हणाला आणि उठून गेला. त्यानं हट्ट केला असता तर तिला बरं वाटलं असतं.

शेजारच्या म्हाताऱ्या नानीबाईनं सगळं ऐकलं होतं. "ठेव बाप्पा पान," ती म्हणाली. "पान नाही भेटलं तं सवत घरभर हिंडते. एक डाव जेवाले घातली का पितरात जाऊन बसते. मंग तुह्या वाटेले येत नाही."

हे तुळसाबाईला पटलं. मानानं जेवू घालायचं आणि कायमचं पितरात ढकलायचं. दया नाही, माया नाही, कटकट मिटवायची.

पण पितराच्या पानात त्याच्या आवडीचं लागतं. तिनं पोरीला गाठलं. "तुह्या मायले काय आवडे वो?"

"मटोके," पोरीचे डोळे चमकले. "हिरवी केळी सोलाची, केळीच्या पानात बांधून वाफेवर शिजवाची, मंग पानातच दाबाची. वरतून शेंगदान्याचं कालवन."

"फोडनी?"

"फोडनी नाही. तिखट बी नाही. बा पयले म्हने, एवढं फिकं कसं खाता? मंग रोज तेच मांगे."

रोज मागायचा. तुळसाबाईला ते शब्द भाजले.

नवमीला तिनं गावातल्या इंद्रभानच्या मळ्यातून केळीचा हिरवा घड आणि पानं आणली. वडे झाले, कढी झाली, खीर झाली, तेव्हा मटोके वाफेवर चढवलं. शेंगदाण्याचं कालवण उकळत असताना हात दोनदा तिखटाच्या डब्याकडे गेला. एक चमचा टाकला की झालं, सवतीची चव बुडाली! पण मग तो मनात म्हणणार, नाम्बीच्या हाताची सर हिला नाही. तिनं डब्याचं झाकण लावलं.

नैवेद्याचं पान छपरावर ठेवून रामकिसन आत आला. तुळसाबाईनं वाढलं. विजयमालानं चाखून पाहिलं आणि म्हणाली, "तसंच झालं, मोठी माय."

रामकिसननं मटोकेचा घास कालवणात बुडवून तोंडात घातला आणि थांबला. चावणंही थांबलं. डोळ्यांतून पाणी आलं, ते त्यानं पुसलं नाही. भराभर, पोरासारखा तो खात सुटला. ताट पुसून त्यानं विचारलं, "आखीन हाय का?"

आल्यापासून या घरात त्यानं पहिल्यांदा मागितलं होतं.

तुळसाबाईनं पातेलं खरवडून सगळं त्याच्या ताटात वाढलं. त्यानं मान वर करून तिच्याकडे पाहिलं. असं भरल्या डोळ्यांनी त्यानं तिला लग्नातही पाहिलं नव्हतं. हे पाहणं आपल्यासाठी नाही, हे तिला पक्कं ठाऊक होतं. तरी ती बाजूला सरली नाही, पदरही पुढे ओढला नाही. रिकामं पातेलं हातात धरून, त्याची नजर होती तोवर, ती त्याच्यासमोर उभी राहिली.