उजवं फूल

कापडे गावच्या भिकू गुरवाची पोर समुपदेशक झाली, याचं आमच्याकडे कुणाला फारसं नवल वाटलं नाही. बाप देवीपुढे लोकांची गाऱ्हाणी घालायचा, पोर टेबलामागे बसून ती ऐकते. धंदा तोच, फक्त नारळ वाचला, असं लोक म्हणतात. मला याचा भयंकर राग येतो. मी बाबांसारखी होऊ नये म्हणून तर सगळं शिकले.

माझी थोरली बहीण मैना नवऱ्याचा मार खाऊन मुंबईहून घरी आली, तेव्हा मी आठवीत होते. बाबांनी कौल लावला. आमच्याकडे देवीच्या दोन्ही खांद्यांना ओलं फूल चिकटवतात आणि प्रश्न विचारतात. देवीच्या उजव्या हाताचं फूल आधी पडलं तर हो, डाव्या हाताचं पडलं तर नको. "पोरीला परत धाडू काय?" बाबांनी विचारलं. उजवं पडलं. त्यांनी स्वतः तिला एसटीत बसवून दिलं. शिमग्याला गेलेली ताई गणपतीच्या आधी परत आली, ती अँब्युलन्समधून. बाबांनी नंतर कधी कौल लावला नाही आणि माझ्याशी त्याबद्दल कधी बोललेही नाहीत.

पुढे पुण्यात शिकताना आमच्या बाई सांगायच्या, समोरच्याच्या आयुष्याचा निर्णय आपण द्यायचा नाही. वर्गातली बाकीची मुलं लिहून घेत होती. मला लिहायची गरज नव्हती.

पोलादपूरला झेरॉक्सच्या दुकानावर एका संस्थेची खोली आहे. मंगळवारी मी महाडहून तिथे येते. जूनपासून अक्षदा यायची. वय चोवीस, माहेर वरच्या वाडीतलं. नवरा सुशांत मुंबईत गाडी चालवतो. मनगट दोनदा मोडलेलं, एकदा वाकडंच जुळलेलं. सुशांत रोज फोन करून रडायचा, शपथा घ्यायचा. आल्यावर तिचा एकच प्रश्न असायचा.

"मॅडम, जाऊ का नको?"

"तुला काय वाटतं?" मी विचारायचे.

आता खरं सांगते. पहिल्याच दिवशी मला उत्तर माहीत होतं. जाऊ नकोस. एवढे दोन शब्द माझ्या जिभेवर होते आणि मी ते गिळले. हेल्पलाइनचा नंबर दिला, कायदा समजावला, महाडला राहायची सोय आहे हे सांगितलं. ती सगळ्याला मान हलवायची आणि जाताना दारात थांबून पुन्हा तेच विचारायची. मी पुन्हा तेच म्हणायचे. मनात थोडा अभिमानही होता, की बघा, मी कौल देत नाही.

श्रावणातल्या शेवटच्या मंगळवारी ती दोन सोनचाफ्याची फुलं घेऊन आली. ओली होती. तिने ती टेबलावर माझ्यासमोर ठेवली, एक या हाताला, एक त्या हाताला, आणि फुलांकडे बघत बसली. लोक काकडी आणतात, पडवळ आणतात. मला वाटलं, प्रेमाने आणली. वास खोलीभर झाला होता. उजव्या हाताशी असलेलं फूल मी उचललं, हुंगलं आणि केसात खोवलं.

"छान आहे गं," मी म्हणाले.

अक्षदा माझ्याकडे बघत राहिली. मग तिने हात जोडले आणि पहिल्यांदाच तो प्रश्न न विचारता निघून गेली. मी वहीत लिहिलं: आज शांत वाटली, स्वतःच्या निर्णयाजवळ येते आहे. गुरवाच्या घरात जन्मलेली मी, आणि हे लिहिलं.

पुढच्या मंगळवारी ती आली नाही. त्याच्या पुढच्याही. फोन बंद. संस्थेने तिच्या माहेरी निरोप धाडला, तर गेली नवऱ्याकडे, एवढंच कळलं.

दिवाळीनंतर तिची आई आली. प्रयागबाई. वाडीवरून दोन तास उतरून आलेली, पायात रबरी चपला. मला वाटलं, भांडायला आली असेल. बरं झालं असतं.

"म्याडम, दोन म्हयने झाले, पोरीचा फोन नाय," ती म्हणाली. "आमचा धोंडू जाऊन आला. खोलीला टाळं हाय. शेजारी सांगतात, रात्रीचे गेले, कुटं ते म्हाईत नाय."

"पोलिसात दिलंत?"

"दिलं. ते बोलतात, नवऱ्यासंगतीच हाय ना?"

"तुम्ही तिला जाऊ कशाला दिलंत?" माझा आवाज चढला. चढायला नको होता.

प्रयागबाईने माझ्याकडे नवलाने पाहिलं. "मी नको बोललेली. आडवी झोपलेली दारात. तर ती बोलली, आये, उजवा कौल हाय. गुरवाच्या लेकीनं सोताच्या हातानं फूल उचल्लान. मग मी काय बोलनार? उठले नि वाट दिली."

माझा हात केसांकडे गेला. तिथे काही नव्हतं.

मला सांगायचं होतं, मावशी, तो कौल नव्हता, मला वास आवडला म्हणून घेतलं मी. पण हे त्या बाईला कसं सांगायचं? आणि सांगून कुणाला सोडवायचं होतं, तिला की मला? बाबा गेली चोवीस वर्षं ओटीवर का गप्प बसून असतात, ते मला तेव्हा कळलं.

प्रयागबाईने कनवटीची पिशवी सोडली. दोन झेंडू काढले, माझ्या पाण्याच्या पेल्यात बुडवले आणि माझ्यापुढे ठेवले, एक या हाताला, एक त्या हाताला.

"येवडंच सांगा," ती म्हणाली. "माजी पोर जिती हाय काय?"

मी दोन्ही हात मांड्यांखाली दाबून धरले.

"सावकाश द्या," प्रयागबाई म्हणाली आणि पदर सारखा करून बसली. "माजी गाडी पाचची हाय."